मला आवडणाऱ्या नायिका

सुट्टीत माझ्या मावसभावाने मोबाईलवर जपानचे एक कार्टून दाखवले. त्याचे नाव सेलर मून. ते जपानमध्ये १९९२ साली टीव्हीवर सुरू झाले. त्यातली उसागी चौदा वर्षांची आहे. ती लई रडकी आहे. तिला सकाळी उठायला उशीर होतो, पेपरात मार्कही कमी पडतात. तिला लूना नावाची काळी मांजर भेटते. मांजरीच्या कपाळावर चंद्रकोर असते. ती उसागीला एक बिल्ला देते. उसागी मंत्र म्हणते, की लगेच तिचे कपडे बदलतात व अंगात शक्ती येते. मग ती काळोखातल्या दुष्टांशी लढते. पहिल्या लढाईत ती भिऊन मोठ्याने रडते. मला हेच आवडले. रडकी मुलगीसुद्धा लढते.

मी हे आजीला सांगितले. आजी म्हणाली, "आपली हिरकणी तर बिनमंतराचीच गं!"

हिरकणी ही गवळण होती. ती रायगडावर दूध विकायला जायची. कोजागिरीच्या दिवशी तिला उशीर झाला व गडाचे दरवाजे बंद झाले. घरी तान्हे बाळ होते. ती रात्री अवघड कडा उतरून गेली. शिवाजी महाराजांनी तिचे कौतुक केले व तिथे बुरूज बांधला, असे सांगतात. त्याला हिरकणी बुरूज म्हणतात. खाली हिरकणीवाडी आहे. आता तिथून गडावर जायला रोपवे आहे.

माझी आई व दादा दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्यात येतात. तिकडे ते कोपीत राहतात. मी आजीजवळ पालीला राहते. आई सांगते, गाडी रात्रीबी भरावी लागते. डोक्यावर उसाची मोळी घेऊन फळीवरून ट्रकात चढायचे. खाली सगळा अंधार. हिरकणी लेकरासाठी कडा उतरली. माझी आई लेकरांसाठी फळी चढते.

या थंडीत एका रात्री आजीला फार ताप आला. लाइट गेली होती. बिंदुसरा धरणाकडून गार वारा येत होता. शेजारच्या काकूंना बोलवायचे तर वाटेत चिंचेचे झाड आहे. तिथे भूत आहे असे पोरं म्हणतात. माझे पाय लटलट कापत होते. मला मंत्र येत नाही, म्हणून मी बाराचा पाढा मोठ्याने म्हणत निघाले. चिंचेखाली आले तेव्हा बारा साती चौऱ्याऐंशी झाले होते. पाढा संपायच्या आत काकूंचे दार आले. काकूंनी गोळी दिली, रात्रभर आजीजवळ बसल्या. सकाळी आजीचा ताप उतरला.

मी आईला फोनवर सगळे सांगितले. आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आता तेराचा पाठ कर."

ज्यांना अंधाराचे भ्या वाटते त्यांनी पाढे पाठ करावेत.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता चौथी