सात अनोळखी माणसांचं देणं

स्वीडनमधल्या गोथेनबर्ग शहरातल्या सात रुग्णांची नावं मला ठाऊक नाहीत, कधी कळणारही नाहीत. १९७५ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये त्यांच्याविषयी लेख आला. त्यात ते नुसते सात रुग्ण आहेत. हृदयाचे स्नायू निकामी होत चाललेले, स्वस्थ बसलं तरी नाडी धावणारी. फिन वागस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या सातजणांना बीटा ब्लॉकर दिलं. असं औषध अशा रुग्णाला चुकूनही देऊ नये, असं तेव्हाची वैद्यकाची पुस्तकं बजावत होती. माझी आई आज कोल्हापुरात मंडईपर्यंत चालत जाते, ती या सातजणांच्या जिवावर. हे मी शब्दशः म्हणते आहे.

आईला आधी जिना चढताना धाप लागायची, मग नुसतं बोलतानाही. रात्री आडवी झाली की जीव घुसमटायचा, म्हणून ती भिंतीला टेकून बसायची. पाय सुजलेले. इको झाल्यावर डॉक्टर म्हणाले, हार्ट मोठं झालंय, पंपिंग फार कमी आहे. आधी अंगातलं पाणी उतरवलं, मग एकेक गोळी सुरू झाली. त्यात मेटोप्रोलॉल ही बीटा ब्लॉकर गोळी होती, तीही अर्धी. “काकू, ही पहिल्यांदा तुम्हाला नकोशी होईल. थकवा येईल. पण मला विचारल्याशिवाय सोडायची नाही,” असं त्यांनी आईला समोर बसवून सांगितलं.

आधीच दुबळ्या झालेल्या हृदयाला आणखी मंद करणारी गोळी कशासाठी, हे मी त्यांना विचारलं. बाहेर पेशंटची रांग होती, तरी त्यांनी मला नीट समजावलं. हृदयाच्या पेशींच्या आवरणात बीटा-१ नावाचे रिसेप्टर असतात. नॉरअ‍ॅड्रेनलिन त्यांना येऊन चिकटलं की पेशीच्या आत निरोपांची साखळी सुरू होते, कॅल्शियम वाढतं, ठोका जोरात आणि भरभर पडतो. पळताना, घाबरल्यावर हे हवंच. पण हृदय कमजोर झालं की रक्त कमी पडतंय म्हणून शरीर हाच इशारा रात्रंदिवस देत राहतं. “दमलेल्या बैलावर आसूड ओढत राहिलं तर गाडी चार पावलं पुढं जाईल, पण बैल मरेल,” डॉक्टर म्हणाले. ही गोळी नॉरअ‍ॅड्रेनलिनच्या आधी रिसेप्टरवर जाऊन बसते. मग मी वाचत सुटले, आणि देणेकऱ्यांची यादी वाढतच गेली.

अमेरिकेतल्या ऑगस्टा इथले रेमंड आल्क्विस्ट यांनी १९४८ मध्ये सहा रसायनं वेगवेगळ्या अवयवांवर तपासली. कोणतं कुठे किती जोराने काम करतं याचा क्रम लावला, तेव्हा क्रम दोनच निघाले. म्हणून त्यांनी रिसेप्टर दोन जातींचे असावेत असं मांडलं, अल्फा आणि बीटा. एका नियतकालिकाने तो लेख परत पाठवला. दुसऱ्याने छापला, तरी बरीच वर्षं कुणी फारसं लक्ष दिलं नाही. लक्ष दिलं ते स्कॉटलंडच्या जेम्स ब्लॅक यांनी. हृदयाला जास्त ऑक्सिजन पोचवण्याच्या मागे सगळे लागले असताना त्यांनी हृदयाची ऑक्सिजनची गरजच कमी करायचं ठरवलं. त्यातून प्रोप्रॅनोलॉल आलं आणि १९८८ चं नोबेलही. पण ते औषध छातीत कळ येणाऱ्यांसाठी होतं, आईसारख्यांसाठी नव्हतं. आईसारख्यांसाठीचं धाडस गोथेनबर्गमध्ये झालं.

आणखी एक ऋण आहे, ते सांगताना माझा आवाज अजून भरून येतो. १९८२ मध्ये मायकेल ब्रिस्टो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, प्रत्यारोपणाच्या वेळी रुग्णांच्या छातीतून काढलेली थकलेली हृदयं तपासली. त्यांच्यातले बीटा रिसेप्टर निरोगी हृदयाच्या साधारण निम्म्यावर आले होते. सततच्या माऱ्यापुढे पेशींनी आपले रिसेप्टर आपणच कमी केले होते. स्वीडनमधल्या सातजणांमध्ये दिसलेल्या सुधारणेमागचं एक मोठं कारण त्या हृदयांमुळे हाती लागलं. ज्यांची ती हृदयं होती, त्यांचीही नावं कुठे नाहीत.

तरीही जगाला पटायला आणखी वर्षं गेली. वैद्यकाच्या या सावधपणाचा मला राग येत नाही, कारण हेच औषध एकदम पूर्ण मात्रेत दिलं तर रुग्ण बुडतो. १९९९ मध्ये सुमारे चार हजार रुग्णांवरच्या ‘मेरिट-एचएफ’ या चाचणीत मेटोप्रोलॉल घेणाऱ्यांमधले मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाले. त्याच वर्षी बिसोप्रोलॉलनेही तेच दाखवलं. मेटोप्रोलॉलचा जन्मही गोथेनबर्गला लागून असलेल्या म्योल्नडालचा, हे वाचलं तेव्हा मी आईची गोळ्यांची डबी हातात घेऊन बराच वेळ बसले होते.

पहिले काही आठवडे आई खरंच गळून गेली. “नको गं ती गोळी,” म्हणायची. डॉक्टर फोनवर वजन विचारायचे, नाडी विचारायचे, बोलावून पाय दाबून सूज बघायचे, आणि सगळं ठीक असलं तरच मात्रा थोडी वाढवायचे. अर्धीची एक, एकीच्या दोन. या कामाला कुठे पुरस्कार नसतो. शोध लागून राहिला असता आणि हा माणूस असा चिकाटीने मागे लागला नसता, तर तो शोध आमच्या घरात पोचलाच नसता. पुढच्या इकोत हृदय आकसलेलं दिसलं, पंपिंग वाढलं होतं. आईने ते ऐकलं आणि रिक्षाऐवजी चालत घरी जाऊ म्हणाली.

गेल्या वर्षी डॉक्टरांनी विचारलं, एका अभ्यासासाठी आईचं थोडं रक्त आणि सगळे जुने इको घेतले तर चालेल का. त्याचा तिला स्वतःला काही उपयोग होणार नाही, नावही कुठे येणार नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. मी तिला सातजणांची हकीगत आधीच सांगितली होती. “घ्या की,” आई म्हणाली. चष्मा लावून तिने अर्ज पूर्ण वाचला, सही केली आणि म्हणाली, “आणखी काही लागलं तर फोन करा.”