मामूंची नाव

कडेगावात नाव कशाला, हा प्रश्न आमच्या दारावरून जाणाऱ्या प्रत्येकानं एकदा तरी विचारला असेल. कडेगाव हे उंच ताबुतांचं गाव. नदीकाठच्या गावांसारखा पूर आमच्या वाट्याला कधी आला नाही, आमची भीती दुष्काळाची. टेंभू योजनेनं कृष्णेचं पाणी उचलून वर आणलं, तेव्हा कुठं या भागात हिरवं दिसू लागलं. अशा गावात कडुलिंबाखाली फायबरची एक नाव पालथी पडलेली. मोहल्ल्यातली पोरं तिला ‘नूह नबींची किश्ती’ म्हणायची. कोरड्या जमिनीवर किश्ती बांधणाऱ्या नबींनाही लोक असेच हसले होते, असं म्हणत अम्मी त्यांना हाकलायची.

नाव आमच्या मामूंची. त्यांचं गाव पलूस तालुक्यात, कृष्णेच्या काठावर. एका तलावाच्या मासेमारी ठेकेदाराकडून त्यांनी ती जुनीच विकत घेतली होती. 2005 च्या महापुरात त्यांनी याच नावेतून वाडीवस्तीवरची माणसं बाहेर काढली. मराठा, धनगर, बौद्ध, मुसलमान असं काही न बघता जो पाण्यात अडकला तो नावेत. नियम एकच होता. एका खेपेला आठ माणसं. नववा कोणी असो, त्यानं थांबायचं. लोकांनी शिव्या दिल्या, एकानं तर गचांडी धरली. मामू ऐकले नाहीत.

मामू गेले 2017 साली. त्यानंतर नाव गोठ्यात पडून राहिली. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या पुढं गेलं. मामूंच्या घराच्या भिंती बसल्या. पुरानं नाव गोठ्यातून उचलून बाभळीवर आपटली. पाणी ओसरल्यावर मुमानी आमच्याकडे राहायला आल्या आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून त्यांच्या संसाराबरोबर नावही आली.

त्याच पुरात, 8 ऑगस्टला, ब्रह्मनाळला बोट उलटली. क्षमतेपेक्षा जास्त माणसं बसली होती. 17 जणांचा जीव गेला. ब्रह्मनाळ म्हणजे कृष्णा-येरळेचा संगम. खटावकडून येऊन आमच्या तालुक्याच्या कडेनं जाणारी, वर्षातले कितीतरी महिने कोरडी दिसणारी येरळा तिथं कृष्णेला मिळते. चार दिवसांवर बकरी ईद होती. ती ईद आम्ही साधेपणानं केली. आमच्यासारख्या अनेकांनी ईदच्या खर्चातले पैसे पूरग्रस्तांना दिले.

2021 च्या जुलैत पुन्हा पूर आला. पाणी उतरल्यावर मामेभाऊ कडेगावला आला आणि म्हणाला, “भाईजान, नाव दुरुस्त करू या. पुढच्या पावसाळ्याआधी गावात आपली एक नाव पाहिजे. अब्बांच्या नावानं सदका-ए-जारिया होईल.”

या शब्दापुढं आम्ही तिघं भाऊ गप्प झालो. त्या नावेतून एक जरी जीव वाचला, तरी सवाब मामूंना पोहोचत राहणार. याला नाही कसं म्हणायचं?

आम्ही मिरजेहून फायबरचं काम करणारा एक कारागीर बोलावला. त्यानं आधी रंगाकडे पाहिलंच नाही. खिशातून नाणं काढलं आणि तळावर इंचाइंचावर ठोकत गेला. कुठं टणटण वाजायचं, कुठं भद्द. “भद्द वाजतंय तिथं थर सुटलेत,” तो म्हणाला. मग त्यानं समजावून सांगितलं. फायबर म्हणजे काचेच्या धाग्यांची चटई आणि रेझिन, थरावर थर. ताण काच सोसते आणि रेझिन तिला धरून ठेवतं. थर एकमेकांपासून सुटले की बाहेरून नाव धडधाकट दिसते, पण तिच्यातलं बळ गेलेलं असतं.

मागची फळी, जिच्यावर मशीन बसतं, तिच्या आत लाकूड होतं. तिथला एक स्क्रू काढला तर भोकातून तपकिरी पाणी आलं. आतलं लाकूड कुजलेलं. बसायच्या फळ्यांखाली फोम भरलेला होता. नावेत पाणी शिरलं तरी तिनं तरंगत राहावं म्हणून तो असतो. तो फोमच पाणी पिऊन बसला होता. चौघं सहज उचलायचे ती नाव आता सहा जणांना जड जात होती, त्याचं कारण हे.

“होईल का दुरुस्त?” मामेभावानं विचारलं.

“होईल की. पण नुसता वरून थर डकवून भागणार नाही. जुन्या फायबरवर नवं रेझिन आपोआप एकजीव होत नाही. फुटलेल्या जागेभोवती जाडीच्या बारापट लांब तिरकी उतरण खरडावी लागते. पाव इंच जाडी असेल तर चहूबाजूंनी तीन इंच. मागची फळी नवी, फोम नवा. आणि काम कोरड्या हवेत करायचं. दमट हवेत रेझिन नीट धरत नाही.” त्यानं सांगितलेला खर्च नव्या लहान नावेच्या निम्म्याहून जास्त होता. जाताना तो आणखी एक बोलला, “पैसे कमी असतील तर भेगा बुजवून रंग मारून देतो. नवीच दिसेल. पण माणसं बसवू नका.”

आमच्या मनातून ते ‘नवीच दिसेल’ जाईना.

त्या रात्री इशाच्या नमाजनंतर सगळे अंगणात बसलो. शेजारचे तात्याही आले. त्यांच्या घराण्याचा हात पिढ्यान् पिढ्या ताबुताच्या कामाला लागत आलाय. आमच्या गावात हिंदूंचेही ताबूत असतात, हे वाचकांना ठाऊक असेलच. तात्या म्हणाले, “ताबूत आपण दरसाल नवा बांधतो. बापानं आणलेला हाय म्हणून किडका बांबू कुणी लावतं का? खाली माणसं उभी असत्यात.”

मग आमच्यातल्या धाकट्यानं मनातलं बोलून दाखवलं. “उद्या काही घडलं तर नाव कुणाची होती, हे आधी विचारतील. दिवस कसले आहेत ते बघा.” कोणीच काही बोललं नाही. हा विचार आमच्या प्रत्येकाच्या मनात येऊन गेला होता, हे कबूल केलं पाहिजे.

बोलल्या त्या मुमानी. “नाम के डर से ना बोलते क्या रे तुम? तुम्हारे मामू को पानी का डर था, लोगां का नै.”

आम्ही शरमलो. मामूंनी नवव्या माणसाला थांबवलं, ते लोक काय म्हणतील याचा विचार करून नव्हे. नाव किती पेलते हे त्यांना माहीत होतं, म्हणून. आता ही नाव किती पेलेल, याचं उत्तर आमच्यातल्या कोणाकडे नव्हतं. पूर्ण दुरुस्त करून घेतली तरी चालवायला मामू नव्हते. रात्रीच्या अंधारात, पाणी चढत असताना, बाया-पोरं रडत असताना ‘आठच’ म्हणणारा माणूस कोण, असं आम्ही मामेभावाला विचारलं. तो बराच वेळ खाली बघत राहिला. मग म्हणाला, “माझ्यानं होणार नाही.”

त्याच्या तोंडून हे निघालं तेव्हा निर्णय झाला. नाव दुरुस्त करायची नाही.

पण मग तिचं करायचं काय? लाकडी नाव असती तर चुलीला लागली असती. फायबर जाळलं तर विषारी धूर, आणि भंगारवाला त्याला हात लावत नाही. शेवटी ती आमच्या गोठ्यात गव्हाण झाली. सुताराला बोलावून तिच्या तळाला हाताची मूठ जाईल एवढी चार भोकं पाडून घेतली. पुढंमागं कुणी निकडीच्या वेळी ती ओढत नदीवर नेऊ नये म्हणून. भोकं पाडताना मुमानी घरात निघून गेल्या. वल्हं मात्र त्यांनी मागून घेतलं. ते त्यांच्या खाटेशी भिंतीला टेकून उभं असतं.

दुरुस्तीसाठी जमवलेल्या पैशांत तात्यांनी आणि मोहल्ल्यानं भर घातली. त्यातून लाइफ जॅकेट आणि जाड दोर घेऊन मामूंच्या गावाला दिले. मामेभाऊ काही महिने आमच्याशी धड बोलत नव्हता. बापाची नाव आम्ही भोकं पाडून संपवली, हे त्याला लागलं होतं, आणि ते खोटंही नव्हतं. पण जॅकेट त्यानं आपल्याच घरी ठेवून घेतली. दर मे महिन्यात तो ती उन्हात काढतो, बंद-बकलं ओढून बघतो, मोजतो आणि आम्हाला फोन करतो.

“भाईजान, सगळी भरली.”

मग मुमानींना फोन द्यायला सांगतो.