तुमचे पुणेवाले

सुरतेत राहून माणूस कशाकशासाठी बोलणी खाईल, सांगता येत नाही. १९७९ साली नवापूरहून इथे आलो, तेव्हापासून वरणात गूळ कमी पडला म्हणून मी बोलणी खाल्ली, उतरायणाला पतंग उडवता येत नाही म्हणून खाल्ली, मुलांना मराठी शाळेत घातलं म्हणून तर दोन्हीकडच्या लोकांची खाल्ली. पण सर्वांत जास्त बोलणी खाल्ली ती इंग्लंडमधल्या एका फुटबॉल क्लबापायी. आणि मी जन्मात कधी फुटबॉलला पाय लावलेला नाही!

बोलणारे गृहस्थ म्हणजे आमचे हाजीसाहेब. पांडेसऱ्याच्या एका प्रोसेस हाऊसमध्ये (सुरतेत त्याला सरळ ‘मिल’च म्हणतात) हिशेबाच्या एकाच टेबलाला आम्ही दोघं सव्वीस वर्षं बसलो. हाजीसाहेब तापीपलीकडच्या रांदेरचे. त्यांचे थोरले बंधू, ज्यांना ऐकून ऐकून मीही मोटाभाई म्हणू लागलो, १९६६ साली ब्लॅकबर्नला गेले. सुरत-भरूच जिल्ह्यांतल्या गावोगावच्या मुसलमान घरांतून त्या काळी अशी कितीतरी माणसं लँकेशायरच्या कापडगिरण्यांत गेली. तिथल्या गोऱ्या कामगारांना रात्रपाळी नको असे, ती यांनी धरली. मोटाभाईंनी गिरणी बंद पडेपर्यंत रात्रपाळी केली, मग छोटं दुकान टाकलं. घर घेतलं ते ईवूड पार्कच्या जवळ. ईवूड पार्क म्हणजे ब्लॅकबर्न रोव्हर्स या क्लबाचं मैदान, १८९० पासूनचं.

शनिवारी दुपारी खिडकीतून गलका ऐकू आला की गोल झाला, असं समजायचं. मोटाभाई मात्र त्या मैदानात कधी गेले नाहीत. सत्तरच्या दशकात सामन्याच्या दिवशी त्या रस्त्याने जाऊ नका, असं घरोघरी बजावलेलं असे. नातू मोठा झाला, तो वर्षाचं तिकीट काढून जाऊ लागला. आणि मोटाभाई दर आठवड्याला फोनवरून रांदेरला निकाल सांगू लागले. हाजीसाहेब सोमवारी सकाळी तो निकाल आमच्या टेबलावर आणीत. आम्हांला काही त्यातलं कळत होतं अशातला भाग नाही.

ब्लॅकबर्न आणि सुरत यांचं नातं तसं जुनं, आणि फार गोड नाही. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ नंतर लँकेशायरला कापूस मिळेना, तेव्हा हिंदुस्थानातून आखूड धाग्याचा कापूस गेला. त्याला तिथे ‘सुरत’ म्हणत, मग तो आपल्या खानदेशचा का असेना. मागावर तो सारखा तुटे. विणकरांची मजुरी बुडे. एका प्रार्थनेत कुणी देवाकडे कापूस मागितला, तर मागून आवाज आला म्हणे, की पाठव, पण सुरत नको! आणि ज्या ब्लॅकबर्नमध्ये १८४२ साली लँकेशायर लूम निघाला, तिथले माग बंद पडून आज सुरतेत दिवसरात्र खडखडाट चालू आहे. मोटाभाई अशा गावचे, जिथून माग गेले. आणि हाजीसाहेब अशा गावचे, जिथे माग आले. मधे मी, जमा-नावे लिहिणारा.

आता पुणेवाले. नोव्हेंबर २०१० मध्ये पुण्याच्या व्यंकटेश्वर हॅचरीजने, म्हणजे कोंबड्या-अंडीवाल्या वेंकीजने, हा क्लब विकत घेतला. किंमत २ कोटी ३० लाख पौंड. दुसऱ्या दिवशी हाजीसाहेब वर्तमानपत्र नाचवीतच आले. ‘‘भाऊ, तमारा लोकोए अमारो क्लब लई लीधो!’’

मी म्हटलं, ‘‘अहो, राव मंडळी मूळची आंध्रकडची. धंदा १९७१ साली हैदराबादेत सुरू केला त्यांनी. माझा काय संबंध?’’

‘‘पुण्यात राहतात ना? मग तुमचेच.’’

‘‘मग मी सुरतेत राहतो. मी कुणाचा?’’

हाजीसाहेबांनी पेन उघडून वही पुढे ओढली. थोड्या वेळाने म्हणाले, ‘‘तुम तो भाऊ हो.’’ हे उत्तर की पळवाट, ते मला आजवर समजलेलं नाही. पुण्याला मी आयुष्यात दोनदा गेलो आहे, दोन्ही वेळा लग्नाला.

क्लब काही साधासुधा नव्हता. १८७५ सालचा, इंग्लंडची लीग १८८८ साली सुरू झाली, तेव्हाच्या बारा संस्थापकांतला एक. जॅक वॉकर या गावच्याच पोलादवाल्या धनिकाने पैसा ओतला आणि १९९५ साली प्रीमियर लीगचं अजिंक्यपद आणलं, मँचेस्टर युनायटेडपेक्षा एक गुण जास्त मिळवून. तो माणूस रस्त्यावर दिसायचा, असं मोटाभाई सांगत. नवे मालक दिसत नसत, हीच तिथल्या लोकांची पहिली तक्रार. महिन्याभरात जुना मॅनेजर काढला. ७ मे २०१२ रोजी विगनकडून घरच्या मैदानावर १-० असे हरले आणि क्लब पहिल्या वर्गातून खाली आला. त्या सामन्यात कुणीतरी क्लबाचा झेंडा गुंडाळलेली कोंबडी मैदानात सोडली. पुढच्या हंगामात एक मॅनेजर ५७ दिवस टिकला, दुसरा ६७. आमच्या मिलमध्ये बॉयलरवाला यापेक्षा जास्त टिकायचा.

त्या कोंबडीचा फोटो नातवाने पाठवला होता. हाजीसाहेबांनी तो सगळ्या ऑफिसला दाखवला आणि म्हणाले, ‘‘ये देखो, भाऊके नवापूरकी मुर्गी!’’ सगळे हसले. मला हसू आलं नाही. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू आमच्या नवापुरात सापडला. तोंडाला फडकी बांधलेली माणसं आली आणि पोल्ट्रीच्या पोल्ट्री खड्ड्यांत गेल्या. माझ्या धाकट्या भावाची शेड त्यात होती. त्यानंतर त्याने ती पुन्हा उभी केली नाही. मी उठून बाहेर गेलो. दोन महिने आम्ही एकाच टेबलावर बसून व्हाउचरं एकमेकांकडे सरकवीत होतो, पण शब्द नाही. चहा वेगळा. एके दिवशी हाजीसाहेब डब्यातून रांदेरची आलूपुरी घेऊन आले, माझ्यापुढे ठेवली आणि दुसरीकडे पाहत म्हणाले, ‘‘मोटाभाई पूछते हैं, तुम्हारे भाईकी शेडका क्या हुआ.’’ त्यांनी सगळं सांगितलं होतं तर फोनवर. मीही मग सगळं सांगितलं.

आता मुख्य हकिकत. इंग्लंडच्या फुटबॉलात इयत्ता असतात. वरच्या वर्गात २० संघ. दुसऱ्यात २४, आणि त्याचं नाव ‘चॅम्पियनशिप’. प्रत्येकाशी दोनदा, म्हणजे ४६ सामने. जिंकलात तर ३ गुण, बरोबरीला १. पहिले दोन वर चढतात, तिसरा ते सहावा तेव्हा आणखी एका जागेसाठी आपसांत झुंजत आणि शेवटचे तीन खाली. आपल्याकडे नापास झालेला पोरगा त्याच वर्गात बसतो, तिथे त्याला मागच्या वर्गात पाठवतात.

२०१६-१७ चा हंगाम असा नापासाचा होता. पहिलाच सामना नॉर्विचकडून घरी १-४ असा हरले. मॅनेजर नेमला तो ओवेन कॉइल, पूर्वी शेजारच्या बर्न्लीचा, म्हणजे हाडवैऱ्याकडचा. लोक चिडलेले. नोव्हेंबरात ब्रायटनच्या सामन्याला पुष्कळ प्रेक्षक १८ व्या मिनिटाला आत आले आणि ७५ व्या मिनिटाला उठून गेले, १८७५ म्हणून. फेब्रुवारीत कॉइल गेला, टोनी मोब्रे आला. त्याने गाडी रुळावर आणली, पण उशीर झाला होता.

त्याच वसंतात मोटाभाईंच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली. हाजीसाहेबांनी मनात ठरवून टाकलं की भावाने आता परत यावं. भावजय गेलेली, मुलगा दुसऱ्या गावी, नातू कॉलेजात. रांदेरला वाडवडिलांचं घर उभं आहे, वरची खोली रंगवून घेतली. दर फोनला हाच विषय. मोटाभाई हो म्हणत नसत, नाही म्हणत नसत, शनिवारचा निकाल सांगत.

७ मे २०१७, रविवार. पुन्हा ७ मे! सामना आपल्याकडच्या साडेचारला. मी रांदेरला गेलो होतो. बाहेर ऊन रणरणत होतं. आत पंखा, खाट आणि हाजीसाहेबांच्या मुलाचा मोबाइल. नॉटिंगहॅम फॉरेस्ट आणि ब्लॅकबर्न दोघांचे ४८ गुण, दोघांनाही बुडण्याची भीती. आम्ही हिशेबनीस, जुन्या चलनाच्या मागे खातं मांडलं. गोल केले ते जमा, खाल्ले ते नावे. ब्लॅकबर्न ५० जमा, ६४ नावे, तूट १४. फॉरेस्ट ५९ आणि ७२, तूट १३.

ब्रेंटफर्डच्या मैदानावर ब्लॅकबर्नने सुरुवातीलाच दोन गोल केले. तिकडे फॉरेस्टचं शून्य. हाजीसाहेबांनी सरबत मागवलं. मध्यंतराच्या थोडं आधी फॉरेस्टला पेनल्टी मिळाली आणि गोल झाला. आता गुण सारखे ५१, तूटही सारखी, बारा-बारा! अशा वेळी एकूण जमा कुणाची जास्त ते बघतात. फॉरेस्ट ६०, ब्लॅकबर्न ५२. हाजीसाहेबांनी चलन दोनदा तपासलं. चूक नव्हती.

मग ब्रेंटफर्डने एक फेडला. फॉरेस्टने दुसरा केला, तिसरा केला. शेवटी शेवटी ब्लॅकबर्नचाही तिसरा झाला. ३-१ असे जिंकले आणि बुडाले. दोन गोलांच्या तुटीने. प्रीमियर लीग जिंकलेला एखादा क्लब तिसऱ्या वर्गात जाण्याची ती पहिलीच वेळ होती.

मी वाट पाहत होतो की आता ‘तमारा पुणेवाळा’ येणार. उत्तरही तयार होतं, की दरवर्षीची खोट कोण भरतं? तेच भरतात ना? पण हाजीसाहेबांनी सरळ ब्लॅकबर्नला फोन लावला. नेहमीची विचारपूस नाही, काही नाही. म्हणाले, ‘‘मोटाभाई, हवे तो क्लब पण गयो. हवे घेर आवो.’’

पलीकडून बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग हाजीसाहेब ‘‘हा... हा...’’ करीत राहिले. फोन ठेवला.

‘‘काय म्हणाले?’’

‘‘म्हणाले, पुढचा हंगाम ऑगस्टमध्ये सुरू होतो.’’

वरची खोली त्यांनी नंतर पुतण्याला दिली. मला परतताना रिक्षात नवापूरच्या भावाची आठवण येत होती. तोही दर दिवाळीला विचारतो, दादा, आता कधी येणार? मी त्याला मुलांच्या परीक्षांच्या तारखा सांगायचो, हल्ली नातवंडांच्या सांगतो.

पुढच्या वर्षी क्लब दुसऱ्या क्रमांकाने पास होऊन परत दुसऱ्या वर्गात आला. २०२३ च्या मेमध्ये तर वर चढायच्या झुंजीत जागा मिळता मिळता राहिली. संडरलंडचे ६९ गुण, यांचेही ६९, आणि आड आली ती पुन्हा गोलांची तूट. हाजीसाहेबांनी त्याही वेळी चलनाच्या मागे खातं मांडलं होतं. ते मला आणून दाखवलं.

पण त्याच्या आदल्या वर्षीचं एक सांगायचं राहिलं. २ मे २०२२ ला तिकडे ईद होती, आपल्याकडे ३ ला. त्या सकाळी ईवूड पार्कच्या हिरवळीवर ईदची नमाज झाली. ब्रिटनमध्ये कुठल्याही फुटबॉल क्लबाने आपल्या मैदानात असं प्रथमच केलं होतं. नातू मोटाभाईंना हाताला धरून घेऊन गेला. छप्पन्न वर्षं भिंतीपलीकडे राहून मोटाभाई पहिल्यांदा त्या मैदानात गेले, आणि गेले ते थेट मधोमध.

दुसऱ्या दिवशी मी शीरखुर्म्याला रांदेरला होतो. फोन आला तेव्हा हाजीसाहेबांनी तो माझ्याच हाती दिला. मी ‘ईद मुबारक’ म्हटलं, तब्येत विचारली. मोटाभाईंचा आवाज बारीक झाला होता.

‘‘भाऊ, घास बहुत अच्छी थी,’’ ते म्हणाले. ‘‘तुम्हारे पुणेवालोंको बोलना.’’

मी म्हटलं, बोलतो. मग विचारलं, गोलचे खांब कुठे होते, दिसले का?

‘‘ते बघायचं राहिलंच,’’ म्हणाले.