अब्बांच्या घड्याळाची चावी

मराठीत आपण अजूनही घड्याळाला ‘चावी देतो’. खरं पाहिलं तर हातघड्याळाला चावी नसतेच. बाजूला एक दातेरी टोपी असते, ती चिमटीत धरून फिरवायची. जुन्या खिशातल्या घड्याळांना मात्र खरोखरची वेगळी किल्ली असे. १८४०च्या दशकात आद्रियें फिलिप नावाच्या फ्रेंच कारागिराने टोपी फिरवून चावी देण्याची सोय काढली. किल्ली गेली, शब्द राहिला.

आमच्या अब्बांचं घड्याळ एचएमटीचं, १७ ज्वेलचं, रोज चावी द्यायचं. सिटिझन या जपानी कंपनीच्या मदतीने १९६१ साली बंगळूरला एचएमटीचा घड्याळांचा कारखाना सुरू झाला. पुढची कित्येक वर्षं लग्नात नवरदेवाला, नोकरी लागल्यावर मुलाला, निवृत्तीच्या दिवशी मास्तरांना हेच घड्याळ मिळायचं. अब्बांना ते लग्नात मिळालं होतं. फजरची नमाज झाली की ते चावी देत. चाळीस वर्षं धरली तरी हे १४,६०० वेळा झालं. इतक्या वेळा फिरलेली वस्तू झिजणारच, त्यात कुणाचा दोष नाही.

मंद्रूपची हवा कोरडी आणि माती काळी. ज्वारीची रास चालू असली की धूळ कुठे शिरत नाही ते विचारा. त्यात हाताचा घाम. टोपीखाली जमलेला हा मळ पॉलिश पेपरसारखं काम करतो. टोपीच्या आत रबराची बारीक कडी असते आणि घड्याळाच्या डबीतून एक छोटी नळी बाहेर आलेली असते. कडी त्या नळीवर घट्ट बसते, म्हणून पाणी आत जात नाही. कडी कडक झाली, नळीवर चरे पडले की वाट मोकळी. वुजू करताना कोपरापर्यंत हात धुवायचे, घड्याळाखालच्या कातडीलाही पाणी लागलं पाहिजे. अब्बा घड्याळ काढून हौदाच्या कठड्यावर ठेवत. शेवटच्या दोन वर्षांत त्यांचा हात थरथरायचा, पट्ट्याचं बक्कल निघायचं नाही. मग ते घड्याळ नुसतं वर सरकवत. त्यांच्या इंतकालानंतर आम्ही ते हातात घेतलं तेव्हा काचेच्या आत वाफ धरलेली होती आणि सहाच्या आकड्याजवळ तांबूस डाग. टोपी तर मधे कुणा कारागिराने सरळ डिंकासारख्या कशाने तरी चिकटवून ठेवली होती.

चाळिसावा झाल्यावर वाटणीचं बोलणं निघालं. आपा म्हणाली, “मला शेतातलं काही नको. अब्बांचं घड्याळ तेवढं द्या.” बैठकीतल्या दोघातिघांनी माना डोलावल्या, मुलगी किती समजूतदार म्हणून कौतुकही झालं. आम्ही दोघे भाऊ गप्प होतो. असं गप्प राहणं किती सोपं असतं हे आपल्या घराघरांत माहीत आहे. बहिणी एका साडीवर, एका ईदीवर हक्कसोड करून मोकळ्या होतात आणि आपण त्याला मोहब्बत म्हणतो. अम्मीच तेवढी बोलली, “घड्याळ तिचं. हिस्सा पण तिचा. दोन्ही कागदावर लिवा.” लिहिलं. आणि मग बंद घड्याळ बहिणीला कसं द्यायचं, म्हणून ते घेऊन आम्ही सोलापूरला नवी पेठेकडे निघालो.

तिथले काका वयाने अब्बांएवढे. डोळ्याला भिंग लावून त्यांनी पाठ उघडली, आतला गंज पाहिला आणि म्हणाले, “भाई, यंत्र जगंल. नळी मेलीय.” जानेवारी २०१६मध्ये केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली, त्यामुळे सुटे भाग आता मिटलेल्या दुकानांच्या शिल्लक मालातून नाहीतर मेलेल्या घड्याळांतून निघतात. काकांकडे अशा नळ्या-टोप्यांच्या काचेच्या बाटल्या होत्या.

आधी दांडी सोडवून यंत्र बाहेर काढलं. जुनी नळी आतून ठोकून काढताना मधेच तुटली. तेव्हा त्यांनी टोकाकडे निमुळती होत जाणारी चौकोनी सळई उरलेल्या तुकड्यात फिरवून रुतवली आणि तो अलगद ओढून घेतला. मग भोक मोजलं. नवी नळी भोकापेक्षा केसभर जाड हवी, दाबून बसली पाहिजे. फार जाड घेतली तर ती चेपते, बारीक असली तर डुगडुगते. तीन नळ्या नाकारून चौथी घेतली. ती छोट्या दाबयंत्राखाली सरळ उभी धरून बसवली. वाकडी बसली तर दांडी घासते आणि सगळी मेहनत पाण्यात.

टोपी दांडीवर आट्यांनी बसते. नवी दांडी मुद्दाम लांब येते, ती मापाला कापावी लागते. हेच काम सगळ्यात सावकाश चाललं. बसव, फट बघ, काढ, कानशीने दोनदा घास, परत बसव. काका म्हणाले, “लांब ऱ्हायली तर घासता येतंय. आखूड झाली की टाकायची.” शेवटी कडीला ग्रीसचा ठिपका, आट्यांना चिकटद्रव्याचा एक थेंब.

“आता पाणी चालेल का?” आम्ही विचारलं. ते हसले. रोलेक्सने १९२६ साली टोपीच नळीवर आवळून बसवली, आणि पुढच्या वर्षी मर्सिडीज ग्लाइट्झ ही पोहणारी बाई असं घड्याळ गळ्यात घालून इंग्लिश खाडीच्या गार पाण्यात कित्येक तास राहिली, तरी ते चालत होतं. “हे तसलं नव्हं. शिंतोडे सोसंल. वुजूला काढूनच ठेवा.”

जुनी टोपी आणि नळीचे तुकडे त्यांनी कागदाच्या पुडीत बांधून दिले. ती पुडी अम्मीने मागून घेतली. घड्याळ आपाच्या मनगटाला सैल होतं, पट्ट्याला आणखी दोन भोकं पाडावी लागली. ते दिवसाला मिनिटभर पुढे जातं. आपा म्हणते, जाऊ दे, जमाअत चुकणार नाही. सातबाऱ्यावर तिचं नाव लागण्यासाठी तलाठी कार्यालयात अर्ज दिला आहे. पुढच्या आठवड्यात आम्ही पुन्हा जाणार आहोत.