बुधानंतर

बुधानं एकदा टिटवीचं अंडं आणून माझ्या हातावर ठेवलं होतं. डाळिंबाच्या दोन ओळींच्या मधे, ठिबकच्या नळीशेजारच्या खडीत टिटवीनं उघड्यावरच चार अंडी घातली होती. दोघं नर-मादी डोक्यावर घिरट्या घालत जिवाच्या आकांतानं ओरडत होती आणि हा शांतपणे माझ्यापुढे येऊन बसला. मी तळहात पुढे केला तसा त्यानं जबडा सैल केला. अंडं लाळेनं माखलेलं होतं, पण तडा गेलेला नव्हता. मी ते पदराला पुसलं आणि होतं तिथं ठेवून आले.

अडतीस किलोचं जनावर, आणि दाताखाली अंडं फुटत नाही. ही नजाकत शिकवलेली नव्हती, रक्तातली होती. लॅब्राडॉर हे नावापुढे ‘रिट्रीव्हर’ लावणारं कुत्रं, म्हणजे आणून देणारं. त्याचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर कोळ्यांच्या होड्यांवर राहायचे, बर्फासारख्या पाण्यात उड्या मारून जाळ्याचे दोर आणि निसटलेले मासे ओढून आणायचे. इंग्लंडात नेल्यावर तिथल्या जमीनदारांनी त्यांना बंदुकीनं पाडलेली बदकं आणायला लावली. पक्षी मालकाच्या हातात न चिरडता आला पाहिजे, म्हणून ज्यांचा जबडा मऊ त्यांचीच पैदास पुढे चालली. 1903 साली तिथल्या केनेल क्लबनं या जातीला मान्यता दिली. एवढा मोठा प्रवास करून ते रक्त आमच्या माणदेशातल्या डाळिंबाच्या बागेत आलं होतं. मुलानं पुण्याहून पिल्लू आणलं तो बुधवार होता, म्हणून बुधा.

बुधा आमच्या घरात अकरा वर्षं राहिला. सकाळी ह्यांची चप्पल, दुपारी बागेत पडलेली कात्री, संध्याकाळी कुणाचा तरी हातरुमाल, काहीतरी तोंडात धरल्याशिवाय तो समोर यायचा नाही. शेततळ्याचं त्याला वेड होतं. तळ्याला प्लॅस्टिकचा कागद अंथरलेला. त्यावर शेवाळ धरलं की पडलेला माणूससुद्धा स्वतःहून वर येऊ शकत नाही. म्हणून ह्यांनी चारी बाजूंनी गाठी मारलेले दोर सोडले आणि एका कडेला पोती शिवून पायऱ्या केल्या. बुधा त्या पोत्यांवरून उतरायचा, रुंद शेपटीनं वल्हवत गोल फेरी मारायचा आणि त्याच पोत्यांवरून वर यायचा.

पण तळ्याचं पाणी उन्हाळ्यात आटायचं. एप्रिल-मे महिन्यांत आमच्याकडे पारा चाळिसाच्या पुढे जातो. बुधाच्या अंगावर केसांचे दोन थर होते. आतला लोकरीसारखा दाट, गार पाण्यासाठी बनलेला. दुपारी तो न्हाणीतल्या फरशीवर पोट टेकून धापा टाकत पडायचा. आम्ही ओली गोणपाटं घातली, कूलर लावला. खाणंही आवरायचं नाही. 2016 साली केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवून दिलं की, सुमारे चौथा हिस्सा लॅब्राडॉरांत एका जनुकाचा तुकडा गळालेला असतो, त्यांना भूक जास्त लागते. मला हे फार उशिरा कळलं. तोवर त्याच्या डोळ्यांकडे बघून मी भाकरीचे तुकडे टाकत गेले, वजन वाढत गेलं, मागचे सांधे दुखू लागले. आम्ही त्याच्यावर जीव टाकला हे खरं, आणि त्याच्या देहाला आमची माती मानवली नाही हेही खरं.

तो गेला तेव्हा फार दिवस लागले नाहीत. एका सकाळी उठला नाही. हिरड्या पांढऱ्याफटक पडल्या होत्या. गाडीत घालून सांगलीला नेला. सोनोग्राफीत प्लीहेवर गाठ दिसली. ती फुटून पोटात रक्त साचलं होतं. डॉक्टरांनी शस्त्रक्रियेचं विचारलं आणि त्याच दमात तो टेबलावर टिकण्याची शक्यता किती कमी आहे तेही सांगितलं. माझा हात त्याच्या मानेखाली होता. शेततळ्याच्या बांधावर करंजाखाली त्याला पुरला. पुढचे कित्येक दिवस मी दारात उभी राहिले की हात आपोआप पुढे व्हायचा, तळवा वर करून.

पाच-सहा महिन्यांनी घरात कुत्र्याचा विषय निघाला. बागेला राखण हवी होती, रानडुकरं येत होती. ह्यांचं म्हणणं, दुसरा लॅब्राडॉरच आणू, आपल्याला त्याची सवय आहे. मला ते सहन होईना. तोच रंग, तेच कान, तीच शेपटी, आणि आत बुधा नाही. त्या पिल्लाचा काय दोष, की त्यानं जन्मभर दुसऱ्याच्या मापाचा अंगरखा घालून हिंडावं?

मुलानं जर्मन पॉइंटरचे फोटो पाठवले. देखणं, तल्लख कुत्रं. पण त्याचं काम म्हणजे झुडपात दडलेल्या पक्ष्याच्या वासावर एक पाय उचलून पुतळ्यासारखं थिजणं, बंदूकवाला येईपर्यंत. आमच्याकडे बंदूक नाही आणि ती असावी अशी इच्छाही नाही. मग त्यानं कुणासाठी थिजायचं? तमिळनाडूच्या राजपालयमचाही विचार झाला, तो तितक्यातच मागे पडला.

आबा, म्हणजे माझे सासरे, या चर्चेत कधीच बोलायचे नाहीत. त्र्याऐंशी वर्षांचे. ओट्यावर बसून ऐकायचे. एका संध्याकाळी म्हणाले, “सूनबाई, कारवान बघा.”

मी म्हटलं, “आबा, ते शिकारीचं कुत्रं.”

“मग त्यो बुधा कसला हुता?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

कारवान आमच्या मुलखात नवा नाही. सांगली-सोलापूरपासून लातूर-नांदेडपर्यंत आणि खाली कर्नाटकात विजापूर-बागलकोटपर्यंत हे कुत्रं धनगरांच्या, शेतकऱ्यांच्या दारात पिढ्यान्‌पिढ्या आहे. अंगाला गुळगुळीत केस असले तर कारवान किंवा कारवानी, कानाला-शेपटीला झालर असली तर पशमी. मुधोळचे संस्थानिक मालोजीराव घोरपडे यांनी ही कुत्री जोपासली, म्हणून मुधोळ हाउंड हेही नाव पडलं. देशातल्या दोन केनेल संस्था याच कुत्र्याची दोन वेगवेगळ्या नावांनी नोंद करतात. 2005 साली टपाल खात्यानं देशी कुत्र्यांची चार तिकिटं काढली त्यात मुधोळ होता. मुधोळजवळ तिम्मापूरला कर्नाटकच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचं केंद्र आहे, आणि सैन्यानंही ही कुत्री प्रशिक्षणासाठी नेली. आमच्या घरापासून काही कोसांवर असलेलं जनावर सोडून मी महिनाभर परदेशी जातींची माहिती वाचत बसले होते, याची मला खंत वाटली.

त्या रात्री आबांनी आपली गोष्ट सांगितली. तरुणपणी त्यांच्याकडे एक कारवान कुत्री होती. तेव्हा रानात ससे मारणं कुणाला गैर वाटत नसे. पहाटे चौघं-पाचजण निघायचे, कुत्री सुटायची आणि दुपारी घरात कालवण व्हायचं. मग बहात्तरचा दुष्काळ आला. आबा खडी फोडायच्या कामावर जायचे, घरात सात माणसं. “सुकडी माणसांस्नी पुरंना, तिला काय घालावं? रानात ससा तर सोडाच, व्हला बी दिसत नव्हता.” एक धनगरांचा वाडा पाण्याच्या शोधात खाली चालला होता. त्यांच्या मेंढरांमागे आबांनी तिला लावून दिली. “मागं बगत बगत गेली,” एवढं म्हणाले आणि उठून आत गेले. त्याच वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा झाला. पुढे शिकार बंद झाली. आबांनी पुन्हा कुत्रं पाळलंच नव्हतं. बुधाच्या डोक्यावरून हात फिरवायचे, पण त्याला कधी नावानं हाक मारलेली मला आठवत नाही.

जत तालुक्यातल्या एका मेंढपाळाच्या घरी वेत झालं होतं. आबा हट्टानं गाडीत बसले. त्यांनी पिल्लांकडे पाहिलंच नाही, आधी आई पाहिली. तिच्या पुढच्या दोन पायांमधून छातीखाली हात घातला, खोली अजमावली. पायाची बोटं दाबून पाहिली, पंजा घट्ट हवा, पसरट नको. पाठीवर माकडहाडाच्या दोन्ही बाजूंची हाडं चाचपली आणि त्यांच्यामधे आडवी बोटं बसवली. मग तिच्यापासून दहा पावलं लांब जाऊन पाठ करून उभे राहिले. कुत्री भुंकली नाही, दबलीही नाही. आपल्या जागेवरून बघत राहिली. “हिचं घ्या,” म्हणाले. फिक्या मातकट रंगाची, कपाळावर पांढरा ठिपका असलेली मादी आम्ही घेतली. अंगणात स्वतःभोवती फिरत होती म्हणून नाव पडलं भिंगरी.

पहिले काही महिने मला जड गेले, हे कबूल केलं पाहिजे. बुधा सगळ्या जगाचा होता. भिंगरी परक्या माणसानं हात लावलेला सहन करत नाही. अंग आकसून सरकते. मी चेंडू टाकला, ती चेंडूकडे बघायची, मग माझ्याकडे बघायची. जाऊन आणावा असं तिला एकदाही वाटलं नाही. भाकरी-दूध पुढे ठेवलं तर पोटापुरतं खाऊन उरलेलं सोडून द्यायची. मी घाबरून डॉक्टरांकडे नेली. बरगड्या दिसत होत्या. ते म्हणाले, हिच्या बरगड्या दिसायलाच हव्यात, तुम्ही चरबी चढवू नका. या जातीच्या अंगावर चरबी अगदी कमी, त्यामुळे भुलीची काही औषधं शरीरातून लवकर उतरत नाहीत. पुढे नसबंदी करताना, कुठल्याही डॉक्टरांना ही कारवान आहे हे आधी सांगायचं, असं त्यांनी बजावलं.

ती नाकानं नाही, डोळ्यांनी जगते. बुधा जमिनीला नाक लावून चालायचा. ही मान वर करून दूरच्या बांधावर हललेलं गवताचं पातं बघते. लांब निमुळत्या तोंडामुळे डोळे बाजूला येतात, मागचंही बरंच दिसतं.

दहा महिन्यांची असताना एका पहाटे बांधाच्या कुसळातून ससा उठला. पट्टा माझ्या हातात होता, तिच्या गळ्यात नव्हता. ती माझ्या शेजारून गेली ते मला दिसलंच नाही, नुसता वारा लागला. कारवान धावतं तेव्हा पाठ धनुष्यासारखी वाकते, मागचे पाय पुढच्यांच्या पुढे पडतात. एका ढांगेत दोनदा चारी पाय जमिनीवरून सुटतात, एकदा अंग गोळा झालेलं असताना, एकदा लांबलेलं असताना. मी हे वाचलं होतं. डोळ्यांपुढे झालं तेव्हा माझ्या पोटात खड्डा पडला आणि त्याच क्षणी डोळे भरून आले, इतकं ते सुंदर होतं. ससा वळला, ती पुढे घसरली, वळली, पुन्हा अंतर कापलं. शेवटी ससा घायपाताच्या कुंपणात शिरला. भिंगरी कान फाडून, ज्वारीच्या धसकटांनी पंजे रक्ताळून परत आली.

त्या रात्री मला झोप लागली नाही. तो ससा मेला असता तर तो मी मारला असं झालं असतं. कायद्यानं गुन्हा आहेच, पण त्याआधीही, माझ्या रानात राहतो म्हणून तो माझा होत नाही. आणि भिंगरीला तरी दोष कसा देऊ? शेकडो वर्षं माणसांनी तिला यासाठीच घडवली. आता आम्हीच म्हणणार, धावू नकोस. बुधाला पाणी हवं होतं आणि आमच्याकडे उन्हाळा होता. हिला धाव हवी, आणि तिला मी जन्मभर साखळीला बांधणार? पुन्हा एका जनावराला त्याच्या देहाविरुद्ध जगायला लावायचं नाही, हे मी करंजाखाली स्वतःला सांगितलं होतं.

मार्ग मुलानं शोधला. जुनी सायकल उलटी करून रोवली, मागच्या रिमवरचा टायर काढला, त्यावर नायलॉनची बारीक दोरी बांधली. दुसऱ्या टोकाला मेंढीच्या लोकरीचा झुबका. पॅडल हातानं फिरवलं की झुबका रानातून सशासारखा पळतो. जागा आम्ही जपून निवडली. नांगरून फळी मारलेलं, धसकट नसलेलं रान, चारी बाजूंनी जाळी. वर्ष भरेपर्यंत थांबलो, हाडं कच्ची असतात म्हणून. आता आठवड्यातून तीनदा, ऊन कलल्यावर, ती दोन-तीन फेऱ्या धावते. शेवटी झुबका पकडते, जोरात झटकते आणि टाकून देते. आणून देत नाही. मीच जाऊन उचलते. बाहेर रानात नेताना पट्टा सुटत नाही, हा नियम घरातल्या सगळ्यांना.

तळ्याकडे ती फिरकत नाही. पोत्यांच्या पायऱ्या कुजल्या, आम्ही काढल्या. दोर मात्र तसेच ठेवलेत. त्या कागदावरून कुणीही घसरू शकतं.

या डिसेंबरात थंडी कडाक्याची पडली. भिंगरीच्या अंगावर केस म्हणजे नुसतं मखमलीचं अस्तर. बुधा थंडीत अंगणात झोपायचा, ही पहिल्याच रात्री कुडकुडत ओट्यावर गेली आणि आबांच्या वाकळीत शिरली. आबांनी तिला हुसकलं नाही. रात्रभर पाय हलवला नाही म्हणून सकाळी त्यांना उठता येईना. ह्यांनी धरून बसवलं. मी चुलीपुढे भाकरी थापत होते.

“पाखरी,” आबा म्हणाले.

मला वाटलं त्यांना नाव आठवत नाहीये. “भिंगरी, आबा.”

“व्हय, ही भिंगरी. तिचं नाव पाखरी हुतं.” आणि त्यांनी तिच्या उघड्या पडलेल्या पाठीवर वाकळ ओढली.