गोदीतली नोकरी

आमच्या उरणात मुलगा 'माझगाव डॉकात लागला' असे कळले की पूर्वी मुलीचा बाप पुढची चौकशी करीत नसे. पगार, बोनस, फंड, कँटीन. शिवाय मोरा बंदरातून लाँच पकडली की भाऊचा धक्का, आणि तेथून गोदी जवळच. पावसाळ्यात लाँच बंद पडली की मात्र हाल कुत्रा खाईना. आता जानेवारी २०२४ पासून उरणला आगगाडी आली आहे, पण ती फिरून जाते.

माझ्या वर्गातल्या एका मुलाने वेल्डरचे प्रमाणपत्र घेतले आहे. मराठीच्या ओढीने बी.ए.ला आला. निबंध असा लिहितो की माझे लाल पेन नुसते हातात राहते. मध्यंतरी येऊन म्हणाला, "सर, डॉकात अप्रेंटिसला नाव लागलंय. जाऊ का?"

ही गोदी सरकारने १९६० साली ताब्यात घेतली. १९७२ साली नौदलात दाखल झालेली 'नीलगिरी' तिथलीच. २०१७ ते २०२५ या काळात तिथल्या सहा पाणबुड्या नौदलाला मिळाल्या. त्यांतल्या 'करंज'चे नाव ऐकून मला आपले करंजाच आठवले! असल्या पाणबुडीचा सांधा जोडणे म्हणजे हात तयार होणे. ते शिक्षण माझ्या वर्गात नाही, हे मान्य केले पाहिजे.

पण अप्रेंटिस म्हणजे नोकरी नव्हे. १९६१ च्या कायद्याने मालकावर पुढे कामावर ठेवण्याचे बंधन सहसा येत नाही. शिवाय एकाच पोलादावर एक कायमचा आणि एक कंत्राटी असे दोघे वाकलेले असतात. घाम सारखाच, रजा मात्र वेगळी. आणि सरकारकडून पुढचे जहाज मिळाले नाही, तर पहिली गदा कंत्राटी माणसावर.

माणसे मारणारी वस्तू करावी का, असेही त्याने विचारले. त्याच्या आजोबांनी जन्मभर जाळी विणली. माशांचे भले चिंतून नव्हे, एवढेच मी म्हणालो. उत्तर अपुरे होते, पण प्रश्न पडणारा वेल्डर मला आवडतो.

मला खरी टोचणी वेगळीच. तिथे पाहिलेले बाहेर बोलायचे नाही, मग लिहिणे दूरच. ज्याला जे दिसेल ते लिहावेसे वाटते, त्याने दिवसाचे आठ तास मुके राहायचे! घरी आईने "आज काय केलंस?" विचारले, तरी "काम" एवढेच सांगायचे.

तरी मी 'जा' म्हणालो. वडील घरी बसलेत, धाकटी बहीण बारावीला आहे. मुक्त विद्यापीठाची माहिती काढून दिली, तेव्हा प्रवेशाची शेवटची तारीख त्याने तळहातावर लिहून घेतली.