पुढे ढकललेलं दृश्य

‘द बॉईज’चा दुसरा सीझन मी शिरगावच्या घरी, माळ्यावर बसून मोबाइलवर पाहिला. २०२०चा ऑक्टोबर होता. माझी बोईसरची कंपनी लॉकडाऊननंतर पुन्हा सुरू झाली होती. सेकंड शिफ्ट करून घरी पोचायला बारा वाजून जायचे, आणि जेवण झालं की कानात इअरफोन घालून मी दोनपर्यंत बघत बसायचो. सातव्या भागाच्या सुरुवातीला एक साधा तरुण दिसतो. अंगात शक्ती नाही, डोळ्यांतून किरण नाहीत. टीव्ही बघतो, फोन चाळतो, दुकानात जातो, घरी येतो, परत फोन. मला कंटाळा आला. बोट टेकवत टेकवत मी ते सगळं दहा-दहा सेकंदांनी पुढे ढकललं आणि होमलँडर कुठे येतो ते शोधलं.

मला फक्त होमलँडर हवा असायचा. ज्यांनी ही मालिका पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. यातले सुपरहिरो एका बड्या कंपनीचे नोकर आहेत. माणसं वाचवण्याचे त्यांचे व्हिडिओ निघतात, सिनेमे निघतात, आणि त्यांच्या हातून मेलेल्या माणसांची प्रकरणं पैसे देऊन मिटवली जातात. होमलँडर या सगळ्यांचा म्होरक्या. पहिल्या सीझनमध्ये तो अपहरण झालेल्या विमानात शिरतो, त्याच्याच चुकीने विमानाचं नियंत्रण जातं, आणि सगळ्या प्रवाशांना तसंच सोडून तो निघून जातो. बाहेर मात्र त्याच अपघातावर गळा काढून भाषण करतो. एवढं बघूनही तो मला आवडत राहिला. कुणी त्याला अडवू शकत नाही, याचंच मला आकर्षण होतं. आठ तास सुपरवायझरपुढे मान खाली घालून काम करणाऱ्याला असा माणूस का आवडतो, हे मला आता कळतं. पण तेव्हा मी कंपनीच्या बसमध्ये उमरोळी येईपर्यंत त्याच्या करामती रंगवून सांगायचो. माझ्या सांगण्यावरून चौघांनी मालिका बघायला घेतली. त्यातल्या एकाने दोन भागांत सोडली आणि मला म्हणाला, ‘‘यात माणसं मरतात तेव्हा तू हसतोस कसा?’’ मी त्याला नाजूक म्हणालो. चारचौघांत म्हणालो.

आम्ही ‘शक्तिमान’वर वाढलेली पोरं. १९९७ साली तो दूरदर्शनवर आला तेव्हा मी सातवीत होतो. भागाच्या शेवटी शक्तिमान समोर येऊन कसं वागायचं ते समजावून सांगायचा. या मालिकेत शेवटी समजावणारं कुणी येत नाही. काय बघितलं ते आपलं आपल्यालाच कळावं लागतं, आणि मला ते कळत नव्हतं.

बसमधल्या मित्राला नाजूक म्हणालो ही एक चूक. दुसरी भाच्याच्या बाबतीत केली. ही मालिका अठरा वर्षांवरच्यांसाठी आहे, तसं पहिल्याच चौकटीत लिहून येतं. तो तेव्हा बारावीत. बहिणीला न सांगता मी त्याला शेजारी बसवून तिसरा सीझन दाखवला. जुलै २०२२मध्ये त्याचा शेवटचा भाग आला. होमलँडर आपल्या मुलाला घेऊन समर्थकांच्या गर्दीसमोर उभा राहतो. विरोधातला एकजण एक डबा फेकतो, तो मुलाला लागतो, आणि होमलँडर सगळ्यांदेखत त्या माणसाचं डोकं उडवतो. गर्दी क्षणभर गप्प होते. मग एकजण ओरडून दाद देतो, आणि पाठोपाठ सगळे जल्लोष करतात. मुलगा ते बघतो आणि हळूच हसतो.

‘‘बरोबर केलं. पोरावर फेकतो काय!’’ मी म्हणालो.

भाचा काही बोलला नाही. थोड्या वेळाने त्याने विचारलं, ‘‘मामा, तू सेकंड सीझनचा सातवा भाग नीट पाहिलायस का?’’ आणि मी पुढे ढकललेलं ते दृश्य त्याने लावून दिलं.

काही मिनिटांचंच आहे. सुपरपॉवरचे दहशतवादी देशात घुसलेत, ते तुमच्या शेजारीही असतील, असं टीव्हीवर रोज सांगितलं जातं. तेच त्या तरुणाच्या फोनवर येत राहतं. रोजच्या दुकानातला रोजचा दुकानदार त्याला हळूहळू वेगळा दिसायला लागतो. एके दिवशी दुकानदाराच्या डोळ्यांत कसलासा उजेड चमकतो. तरुण पिस्तूल काढतो आणि त्याला गोळी घालतो. दुकानदार खाली पडतो आणि साध्या माणसासारखा मरतो.

भाच्याने पॉज केलं. माझे हात गार पडले होते.

एप्रिल २०२०, लॉकडाऊन. आमच्या पालघर जिल्ह्यात व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप फिरत होते, की रात्री टोळ्या येतात, मुलं पळवतात, किडन्या काढतात. गावोगाव गस्ती सुरू झाल्या. मीही तो निरोप चार ग्रुपांवर पाठवला. कुठून आला ते बघितलं नाही. वर स्वतःचं वाक्यही जोडलं, की आपल्या गावच्या किल्ल्याच्या बाजूला अनोळखी माणसं दिसलीत. मला कुणी दिसलं नव्हतं. कुणीतरी म्हणालं होतं, एवढंच.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी अंधार पडल्यावर किल्ल्याच्या तटाकडून एक माणूस येताना दिसला. तोंडाला गमछा, हातात पिशवी. आम्ही सहा-सातजण होतो, चौघांच्या हातात काठ्या. मी पुढे झालो, टॉर्च सरळ त्याच्या डोळ्यांत मारला आणि गमछा ओढला. तो डोळे मिटून घेत होता आणि मी ओरडत होतो, डोळे उघड. पिशवी कुणीतरी उपडी केली. सातपाटीत कुणीतरी दिलेले तांदूळ होते, ते सगळे मातीत गेले. मग मागून कुणाचा तरी आवाज आला, ‘‘अरे, हा कुल्फीवाला.’’

कितीतरी उन्हाळे तो सायकलवर आमच्या आळीत येत होता. याच भाच्याला मी लहानपणी त्याच्याकडची मलाई कुल्फी घेऊन दिली होती. माझ्या टॉर्चच्या उजेडात मला तो ओळखू आला नाही. खाली बसून तो तांदूळ वेचत होता, खड्यांसकट. आमच्यातलं कुणीही खाली वाकलं नाही.

१६ एप्रिलच्या रात्री आमच्याच जिल्ह्यात, डहाणू तालुक्यातल्या गडचिंचले इथे, सुरतेला अंत्यविधीसाठी निघालेले दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर जमावाने ठार मारले. बातमी वाचून मी हळहळलो. मारणारी ती माणसं कसली, असं घरात मोठ्याने म्हणालो. मी पाठवलेला निरोप तेव्हाही माझ्या फोनमध्ये होता, आणि तो मी पुसून टाकला. किल्ल्याजवळ काठी पडली नाही ती एका आवाजामुळे. तो आवाज माझा नव्हता.

सहाच महिन्यांनी मला तेच सगळं पडद्यावर दाखवलं जात होतं आणि मी ते पुढे ढकलत होतो. मालिकेचा निर्माता एरिक क्रिपके याने होमलँडरमागे डोनाल्ड ट्रम्प आहेत असं उघड सांगितलं, तेव्हा अमेरिकेतले कितीतरी चाहते चिडले. इतके दिवस त्यांना तो नायकच वाटत होता. त्या लोकांची मला कीव करता येत नाही. रक्त फार, शिव्या फार, म्हणून जे ही मालिका नाकारतात त्यांच्याशीही माझं भांडण नाही. बसमधल्या त्या मित्राची मी माफी मागितली. पण ते सातव्या भागातलं दृश्य प्रत्येक ग्रुपवरच्या माणसाने बघावं, असं मला फार वाटतं. रक्त त्यात अगदी शेवटी येतं. त्याआधी आहे तो नुसता फोन, जेवणाच्या ताटाशेजारी, उशीशेजारी.

बहिणीला सगळं सांगितलं. दोन महिने ती नीट बोलली नाही. त्या चार ग्रुपांपैकी दोन अजून चालू होते. तिथे मी लिहिलं की २०२०मध्ये किल्ल्याबद्दल मी पाठवलेलं खोटं होतं. एकाने अंगठा टाकला, बाकी कुणी काही बोललं नाही.

कुल्फीवाला आमच्या आळीत परत आला नाही. पुढच्या उन्हाळ्यात भाच्याला घेऊन मी सातपाटीला गेलो तेव्हा बाजाराजवळ त्याची सायकल दिसली. तो आणखी वाळला होता. मी सांगितलं, त्या रात्री टॉर्च माझा होता, गमछाही मीच ओढला. साचा हातात चोळून कुल्फी सैल करत तो ऐकत होता. बांबूची काडी खुपसून त्याने कुल्फी बाहेर काढली, भाच्याच्या हातात दिली.

‘‘पूछना था तो पूछते,’’ तो म्हणाला. ‘‘टॉर्च नीचे रखते, बस.’’

मग त्याने विचारलं, ‘‘आपको भी एक?’’ मी हो म्हणालो.